पहिल्या गळ्याची जहागीर

जुन्या संगीत नाटकाचा नवा प्रयोग सुटला की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पोरगा गातो छान, पण त्यांची सर नाही.’ हे ‘ते’ कोण, हे नाटकावर ठरते. ‘स्वयंवर’ असेल तर बालगंधर्व, ‘सौभद्र’ असेल तर छोटा गंधर्व, ‘कट्यार काळजात घुसली’ असेल तर वसंतराव देशपांडे. बोलणाऱ्याने ‘त्यांना’ पाहिलेले असतेच असे नाही. बालगंधर्व १९६७ साली गेले. त्यांची ऐन भरातली रुक्मिणी पाहिलेले प्रेक्षक आता आपल्यात नाहीत. तरीही निकाल बिनदिक्कत लागतो, आणि रंगमंचावरच्या गायकालाही तो आतून मान्य असतो. त्यानेही महिनोन्महिने तालमी केलेल्या असतात त्या ‘त्यांच्यासारखे’ होण्याच्याच.

मला ही तुलना परंपरेला धरून वाटत नाही. जुन्या संगीत रंगभूमीची ती रीत नव्हतीच. ग्रामोफोनने आपल्याला लावलेली ती सवय आहे. ज्या थोर नटांच्या नावाने आपण ती पाळतो, त्यांनी स्वतः ती पाळली असती तर आज त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

सुरुवातीपासूनच पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. बडोद्याचा भाऊराव कोल्हटकर हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला आणि त्याच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावले. लोक त्याला लाडाने ‘भावड्या’ म्हणत. वरच्या पट्टीत सहज फिरणारा, ध्वनिक्षेपकाचे नावही नसलेल्या काळात मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तो गळा. १८९९ मध्ये देवलांचे ‘शारदा’ आले तोवर वय वाढले होते, तेव्हा भाऊराव नायक कोदंड झाले. १९०१ साली ते गेले, चाळिशीही न गाठता. आणि १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. जेमतेम दोन वर्षांच्या अंतराने भाऊरावांचा आवाज कायमचा निसटला.

हळहळ वाटावी अशीच गोष्ट. पण तिची दुसरी बाजू फारशी कोणी बोलत नाही. १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहिला, तेव्हा समोर बसलेल्या अनेकांच्या कानांत भाऊराव घुमत होते. तुलना झाली असणारच, नाके मुरडली गेली असणारच. पण कोणाच्याही घरी पुरावा नव्हता. आठवणीशी भांडता येते, आठवण हळूहळू नव्याला जागाही करून देते. तबकडी मात्र एका सुराने मागे सरत नाही. भाऊरावांची एखादी ध्वनिमुद्रिका त्या काळी घरोघर वाजत असती, तर मंडळीच्या मालकांनी त्या मुलाला ती दिवसातून दहादा ऐकवली असती आणि आपल्याला भाऊरावांची एक बरी नक्कल मिळाली असती. बालगंधर्व मिळाले नसते. तडफेच्या ठिकाणी लाडिक मार्दव, तानेच्या पल्ल्याऐवजी शब्दाच्या पोटात शिरणारा स्वर, हे सगळे त्यांना करता आले कारण पहिल्या गळ्याचा हुकूम तिथे चालत नव्हता.

आता ‘मानापमान’ घ्या. १२ मार्च १९११, मुंबई. त्या दिवशी पोटची मुलगी गेली असताना बालगंधर्वांनी भामिनी उभी केली, ही हकीकत शाळकरी मुलालाही माहीत असते. पण त्या रात्री नाटकाचा नायक धैर्यधर कोण होता? नानासाहेब जोगळेकर. मूळ संचातला, मूळ चालींवर उभा राहिलेला, नाटककार खाडिलकर आणि संगीतकार गोविंदराव टेंबे या दोघांच्या देखत तयार झालेला हा धैर्यधर. त्याच वर्षी ते वारले. पुढे गंधर्व नाटक मंडळीत चालींचे कर्ते टेंबे स्वतःच धैर्यधर होऊन उभे राहिले. मग ८ जुलै १९२१ चा तो संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला, भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा. मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला प्रयोग कोणता असे विचारले तर बहुतेक जण याच प्रयोगाचे नाव घेतील. आणि हा प्रयोग चक्क ‘मूळ संचात’ नव्हता! लोक त्या रात्री लोटले ते जोगळेकरांची आठवण जागवायला नव्हे, तर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन गळे एका नाटकात काय करतात ते बघायला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी.

धैर्यधराची गोष्ट तिथेही संपत नाही. दीनानाथ मंगेशकर बळवंत संगीत मंडळीत धैर्यधर झाले आणि त्यांनी काही पदांच्या चालीच फिरवल्या. पंजाबी अंगाची झेप, अनपेक्षित वळणे, आक्रमक फेक. मंगेशीच्या त्या तरुणाने टेंब्यांच्या चालींना हात लावला म्हणून जुन्या जाणत्यांना राग आला. आज त्यातल्या काही पदांच्या चाली मैफलीत दीनानाथांच्या वळणानेच गायल्या जातात, आणि श्रोते त्यांनाच ‘पारंपरिक’ म्हणून दाद देतात. म्हणजे ज्याने मोडले त्याचेच पुढे मूळ झाले. नंतर छोटा गंधर्व आले, त्यांनी तोच धैर्यधर आपल्या मधाळ, नागमोडी गळ्यात घोळवला. जोगळेकरांची सर कोणालाच नाही, असे यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला आलेले ऐकिवात नाही.

भामिनीचे असे का झाले नाही? थोरवीचा वाटा मोठा आहे, ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण तबकडीचाही वाटा आहे, आणि तिने काय केले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रंगमंचावर बालगंधर्वांचे एक पद वन्समोर घेत घेत किती लांबेल याला धरबंध नसे. साथीला ऑर्गन, सारंगी आणि काही काळ तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. प्रेक्षकांत कोण बसले आहे, रात्र किती उलटली आहे, आवाज कसा लागला आहे, यावर पद रोज वेगळे होई. तबकडीच्या एका बाजूवर मावत होती तीन-साडेतीन मिनिटे. त्यामुळे ध्रुवपद लगबगीने म्हणायचे, अंतरा उरकायचा, शेवटच्या आवर्तनात दोन ताना कोंबायच्या आणि मेण संपायच्या आत समेवर यायचे. ही तडजोड होती, यंत्राशी केलेली. आज नाट्यसंगीताच्या एखाद्या स्पर्धेत जाऊन बसा. मुलगी गोड गळ्याची असते, तयारीची असते. ती श्वास घेते तिथे, जिथे तबकडीत घेतला आहे. शेवटाला लय वाढवते तिथे, जिथे तबकडी संपत आली होती. तिच्यापुढे कोणतेही यंत्र थांबलेले नाही, वेळ आहे, साथीदार खोळंबलेले नाहीत. तरी ती घाई करते, कारण शंभर वर्षांपूर्वी एका मेणाच्या तबकडीला घाई होती. याला आपण गंधर्वगायकी म्हणतो.

यात आणखी एक पीळ आहे. बालगंधर्व हा पुरुष स्त्रीचे रूप घेऊन गात होता. त्याच्या गाण्यातला लाजरा हेल, शब्दाच्या टोकाला येणारा तो कंप, हे सारे एका पुरुषाने कल्पिलेल्या स्त्रीचे होते, आणि काय विलक्षण कल्पिलेले! पुढे स्त्रिया स्वतः रंगमंचावर आल्या. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटक मंडळी काढली, तिथे स्त्रीभूमिका स्त्रियाच करत. आता खरी भामिनी, खरी रुक्मिणी स्वतःच्या गळ्याने बोलेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. बाईने कसे लाजावे, हे बाई त्या पुरुषाकडून शिकू लागली. जयमाला शिलेदारांची गोष्ट वेगळी ठेवतो. त्यांनी आणि जयराम शिलेदारांनी १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ काढली आणि पडत्या काळात संगीत नाटक अक्षरशः खांद्यावर वाहिले. त्यांनी गंधर्वगायकी घेतली ती जितीजागती, समोरासमोर. त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांची रुक्मिणी उत्तमच होती, पण मला त्या अधिक मोकळ्या वाटतात त्या विद्याधर गोखल्यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’त. ती भूमिका त्यांच्याआधी कोणाची नव्हती. तिथे कीर्तीताई कोणाला जबाब देत नव्हत्या.

आणि हा कठोर न्याय फक्त गाणाऱ्यांनाच का? ‘एकच प्याला’चे उदाहरण माझ्या मते निर्णायक आहे. नाटककार गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिनाभरात बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग झाला. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. बोडसांचा सुधाकर त्या पिढीने डोक्यावर घेतला होता. पण सुधाकर गद्य भूमिका, तिची तबकडी घरोघर गेली नाही. परिणाम असा की पुढच्या प्रत्येक सुधाकराने आपापला सुधाकर शोधला. कोणी त्याला बुद्धीच्या ताठ्याने पडलेला दाखवला, कोणी दुबळा, कोणी आजारी. कोणीही उठून ‘बोडसांची सर नाही’ म्हणाले नाही. त्याच रंगमंचावर, त्याच संसारात, समोर बसलेली सिंधू मात्र शंभर वर्षे एकाच हरकतीत अडकलेली. एक नट नव्या काळात वावरतो, दुसरा जुन्या तबकडीत, आणि मध्ये बिचारे नाटक! गंमत अशी की या सिंधूचे ‘मूळ’ही तसे मूळ नव्हते. गडकरी गेल्यामुळे पदे लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी, आणि त्यातल्या काही चाली आल्या सुंदराबाई जाधवांकडून, म्हणजे बैठकीत गाणाऱ्या एका बाईच्या गळ्यातून. बालगंधर्वांनी त्या उचलल्या, आपल्याशा केल्या. सुंदराबाईंची नक्कल केली नाही. नेमका हाच भाग आपण त्यांच्याकडून शिकलो नाही.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. आपली विद्या अनुकरणाने चालते. गुरूने घेतली तशी जागा शंभरदा घेतल्याखेरीज गळा बनत नाही. चाली बदलायची मुभा प्रत्येकाला दिली तर दहा वर्षांत मूळ चालच हरवेल, आणि नवे काही उभे राहील याची हमी काय? खरे आहे. दीनानाथ होते म्हणून दीनानाथांचे चालून गेले. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून चाली बिघडवणारेही झालेच असतील, त्यांची नावे काळाने पुसली इतकेच.

पण अनुकरण ही शिकण्याची पायरी आहे, प्रयोगाची नाही. गुरूसमोर बसून हुबेहूब घ्यावे, रंगमंचावर आल्यावर आपले द्यावे, हा भेद ख्यालगायकीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बंदिश तीच राहते, विस्तार ज्याचा त्याचा. मग नाट्यपदालाच बंदिशीचा हा हक्क का नाकारायचा? माझ्या मते चालीचा सांगाडा, पदाचे शब्द आणि नाटकातली त्याची जागा, ही तीन सांभाळावीत. पट्टी, लय, विस्तार, ताना, किती वेळ गायचे आणि कुठे थांबायचे, हे नव्या नटाच्या स्वाधीन करावे. त्यातही नाटकातली जागा सर्वांत मोलाची, आणि आपण तीच सर्वांत आधी सोडली. ‘सौभद्रा’त शंभरावर पदे आहेत. ती रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठी होती. आजच्या नाट्यगृहात तीन तासांत पडदा पाडून बाहेर पडायचे असते, पुढच्या प्रयोगाचा ट्रक दारात उभा असतो. काटछाट अटळ आहे. पण ती करताना पदे लोकप्रियतेने निवडली जातात आणि मधला गद्य भाग वाळकी पोळी मोडावी तसा मोडला जातो. मग अर्जुन, कृष्ण, सुभद्रा राहत नाहीत, राहतात ते आळीपाळीने पुढे येणारे गायक. याहून सरळ नाट्यगीतांची मैफल करावी, तिथे निदान कोणी दाढीमिशा लावून घामाघूम होत नाही.

‘कट्यार’ची गोष्ट या सगळ्यात सर्वांत बोलकी. दारव्हेकरांचे नाटक, अभिषेकीबुवांचे संगीत, नाट्यसंपदेची निर्मिती, पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव. लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी केलेला हा माणूस एकाच घराण्याचा कधीच नव्हता. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुण्याला सुरेशबाबू माने, आणि मनात पहिल्यापासून दीनानाथ. अभिषेकीबुवांनी चाली बांधल्या त्या या बेफाम, गुंतागुंतीच्या, लयीशी झोंबी खेळणाऱ्या गळ्याला डोळ्यांपुढे ठेवून. ही त्यांची खासियतच. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त आशालता वाबगावकरांना त्यांनी ताना-पलट्यांच्या चाली दिल्या नाहीत. त्या गळ्याला शोभेल असे थोडक्यातले, भावाकडे झुकलेले गाणे दिले, आणि शेजारीच रामदास कामतांच्या पराशराला भरदार गाणे दिले. कपडा अंगाच्या मापाने बेतला होता.

‘कट्यार’चा विषय काय, हेही विसरू नये. घराण्याची विद्या बाहेरच्याला द्यायची नाही असा खाँसाहेबांचा हट्ट, आणि प्रतिस्पर्धी पंडितजींच्या परंपरेतला सदाशिव खाँसाहेबांच्याच हवेलीत चाकर होऊन चोरून ऐकतो, शिकतो. नाटकाचा सारा ताण यात आहे की ऐकून घेतलेले गाणे कोणाचे? ज्याच्या गळ्यातून आले त्याचे, की ज्याने ते आपल्या गळ्यात रुजवले त्याचे? वसंतराव १९८३ साली गेले, तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते. शिष्य चंद्रकांत लिमये यांनीही ही भूमिका केली. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी नाटक नव्याने उभे केले तेव्हा खाँसाहेब झाले राहुल. सदाशिव महेश काळे, अभिषेकीबुवांचे शिष्य. म्हणजे हवेली, वारसा, चोरून ऐकणे, सगळे नाटकातून उठून नेपथ्याच्या मागे आले. राहुल यांनी आजोबांना ऐकले ते ध्वनिफितींवरच, शिकले ते मुकुल शिवपुत्रांसारख्या वेगळ्याच वाटेच्या गुरूंकडे. त्यांच्या खाँसाहेबात वसंतराव दिसतात, पण जिथे राहुल कुमार गंधर्वांच्या अंगाने स्वरावर क्षणभर थांबतात, तिथे खाँसाहेब प्रथमच एकटा, जरा म्हातारा वाटतो. वसंतरावांचा खाँसाहेब कधी एकटा वाटत नसे, तो सतत कोणाशी तरी झुंजत असे. नव्या प्रयोगाने भूमिकेत घातलेली ही भर आहे. पायऱ्यांवरच्या मंडळींनी तिला ‘सर नाही’ असे म्हटले असेल, तर त्यांनी नाटक पाहिले नाही, ताळा केला.

२०१५ च्या चित्रपटाने आणखी एक वाट धरली. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा, आवाज राहुल यांचा. त्याआधी २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात देह सुबोध भाव्यांचा आणि गळा आनंद भाट्यांचा. दोन्ही चित्रपट चालले, दोन्हींतल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि लाखो नव्या माणसांपर्यंत ही गाणी पोचली, हे उपकारच. पण चित्रपटाला जे जमते ते रंगभूमीला परवडणार नाही. आपल्याकडे बालगंधर्वांचे उरले आहे काय? छायाचित्रे आणि तबकड्या. चेहरा एकीकडे, आवाज दुसरीकडे. चित्रपटाने ती दोन अर्धी शेजारी ठेवली. संगीत नाटकाचा प्राण मात्र असा की बोलता बोलता नट गाऊ लागतो, आणि बोलणारा व गाणारा एकच असतो. बोलण्यात आजचा आणि गाण्यात १९२० सालचा, असा नट उभा राहिला की प्रेक्षकाला सांधा दिसतो.

मोठ्या शहरांतल्या व्यावसायिक प्रयोगांवर ‘त्यांची सर’ या अपेक्षेचे दडपण फार. त्या मानाने गोव्यातल्या जत्रांमध्ये देवळासमोरच्या मांडवात होणारे ‘संशयकल्लोळ’, किंवा रत्नागिरीच्या ‘खल्वायन’सारख्या संस्थांचे काम मला अधिक आशादायक वाटते. तिथला अश्विनशेठ शाळेत मास्तर असेल, रेवती बँकेत असेल. गळा बेताचा असतो, म्हणून चाल त्या गळ्यापुरती आवरलेली असते. नाईलाजाने का होईना, तिथे नाट्यपद पुन्हा नटाच्या मापाचे होते.

म्हणून संगीत नाटके करणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे : जाहिरातीत ‘अमुक यांची आठवण करून देणारा’ हे शब्द घालू नका. नव्या प्रयोगासाठी संगीतकाराला बोलवा, त्याला नव्या नटांचे गळे ऐकू द्या, आणि चालींना कुठे हात लावला ते कार्यक्रमपत्रिकेत उघडपणे छापा. राज्य संगीत नाट्य स्पर्धेच्या परीक्षकांनी तबकडीबरहुकूम गाण्याला गुण देणे थांबवावे आणि पद प्रसंगातून उगवले की नाही ते पाहावे. आणि रसिकांनी पुढच्या वेळी भामिनी ऐकायला जाताना आदल्या दिवशी तबकडी लावू नये. ऐकायचीच तर प्रयोग पाहून घरी आल्यावर ऐकावी.